सामंतकाकांची बिनआवाजाची पेटी

सामंतकाकांना दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं. मोतीबिंदू काढल्यापासून तर समोरच्या इमारतीत कोणाकडे पाहुणे आलेत हे ते दाराबाहेरच्या चपलांवरून सांगतात. तरीही हा माणूस रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकतो, डोळे घट्ट मिटून घेतो आणि पेपर वाचतो. मोठ्याने.

हातात पेपर नसतोच. मांडीवर जेवणाच्या डब्याएवढं एक काळं यंत्र असतं. त्याला पडदा नाही. वर सहा बटणं आणि एक लांब पट्टी, आणि पुढच्या कडेला अरुंद खाच. त्या खाचेत टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके सारखे वरखाली होत असतात. छापील मजकुराची फाइल यंत्रात सोडली की ती ब्रेल होऊन बोटांखाली येते, एका वेळी एक छोटी ओळ. उलट बाजूनेही चालतं. सहा बटणांवर ब्रेलमध्ये लिहा, संगणकाला जोडा, साध्या अक्षरांत छापून काढा. कॉलेजातली अंध मुलं टिपणं काढायला हेच वापरतात. काका त्याला 'पेटी' म्हणतात.

"पूर्वी मी खरी पेटी वाजवायचो तेव्हा तुम्ही सगळ्यांनी सह्या करून तक्रार केलीत," ते म्हणाले. "आता ही घ्या. बिनआवाजाची."

मुंबईत हिंदमातापासून दोन गल्ल्या आत आमची चार मजली इमारत आहे आणि मी तिची सेक्रेटरी. कामांच्या याद्या करायच्या आणि त्या पुऱ्या करायच्या एवढंच मला येतं, पण ते बरं येतं. तक्रारींच्या यादीत काकांचा स्वतंत्र विभाग आहे. टाकीशेजारचं गांडूळखत. कबुतरं पळवण्यासाठी जिन्यात टांगलेल्या जुन्या सीडी. निवृत्तीनंतर माणसाला छंद हवा हे मला मान्य आहे, पण काकांचा छंद त्यांच्या दारातून बाहेर आल्याशिवाय राहत नाही. जाब विचारायला गेलं की सुरुवात ठरलेली. "वंदना, माझं एक निरीक्षण आहे." हल्ली हे वाक्यसुद्धा ते डोळे मिटून म्हणतात.

या वेळचा छंद कुठून आला हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

सामंतकाकू परळच्या एका शाळेत मराठी शिकवायच्या. काकासुद्धा त्यांना 'बाई' म्हणतात, आणि त्या काकांना 'अहो' अशी हाक मारतात की ऐकणाऱ्याने बाकावरून उठून उभं राहावं. गेल्या वर्षी त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग आला. कडेकडेचं दिसतं, त्यामुळे घरात वावरतात, डबे हलवून आतलं ओळखतात, भाजीसुद्धा चिरतात. पण ज्या शब्दाकडे बघावं नेमका तोच पुसलेला. आहे तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकूंनी चष्मा त्याच्या घरात ठेवला, घर कपाटात ठेवलं आणि जाहीर केलं, "माझं वाचन संपलं."

मी लगेच त्यांच्या फोनवर मजकूर वाचून दाखवणारं ॲप घालून दिलं. काकूंनी एक अग्रलेख पूर्ण ऐकला.

"वंदना, ही बाई पूर्णविरामाला थांबत नाही. आणि हे ऐकणं झालं गं. मी वाचणारी आहे."

दादरला एका संस्थेत ब्रेलचे वर्ग चालतात, तेही सुचवलं.

"या वयात बालवर्गात बसू? माझ्याच हाताखालून गेलेली एखादी तिथे शिकवायला असेल. ती मला म्हणणार, छान हं आजी! नको."

विषय संपला. पुस्तकाशिवाय कधी जेवायलाही न बसलेली बाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. मजल्यावरच्या आम्ही सगळ्या काळजीत होतो. आणि अशात एक दिवस काका जाऊन त्या वर्गात स्वतःचंच नाव घालून आले.

"शिकायला हवं काकूंनी. तुम्ही शिकून काय होणार?" मी विचारलं. साधा, व्यवहारी प्रश्न होता.

"वंदना, माझं एक निरीक्षण आहे. घरात एकाला तरी आलेलं बरं. गॅसचा सिलिंडर बदलण्यासारखंच आहे हे."

मग आमचे हाल सुरू झाले.

आधी काकांनी चिकटपट्टीवर ठिपके उठवण्याचं एक चिमट्यासारखं यंत्र आणलं आणि मजल्यावरच्या सगळ्या स्वयंपाकघरांतल्या डब्यांवर ब्रेलच्या पट्ट्या लावल्या. कोणी मागितल्या नव्हत्या. पुढे पेटी जुळवून द्यायला संस्थेतल्या शिक्षिका आल्या. त्या स्वतः अंध, तरुण, हसऱ्या. त्यांना मी चहाला बोलावलं. ओट्यापाशी उभं राहून बोलताना त्यांनी माझ्या चहाच्या डब्यावर सहज बोट फिरवलं आणि विचारलं, "ताई, यातला चहा रोज पिता?"

"हो. का?"

"यावर 'उंदराचं औषध' लिहिलंय."

काकांनी सगळ्या पट्ट्या एकाच ताटात ठेवल्या होत्या, त्या मिसळल्या. मी तो चहा फेकून दिला. कारण नव्हतं, तरी फेकला.

मग बसचा प्रकार. वर्गाला जाताना काका बसमध्ये डोळे मिटून पेटीवर बोटं फिरवत उभे होते. एका बाईंनी हात धरून त्यांना अंधांसाठी राखीव जागेवर बसवलं. काका बोटांखालच्या ओळीत इतके रंगले होते की बसले. स्टॉप जवळ आला तसे डोळे उघडून खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "अरे, साडीचं दुकान नवं झालं वाटतं." अख्खी बस त्यांच्यावर उलटली.

"ओ काका, दिसतं ना तुम्हाला? मग उठा ना! शरम वगैरे काय आहे का नाय?"

"माझं एक निरीक्षण आहे," असं काका म्हणाले म्हणे. पुढचं कोणी बोलू दिलं नाही. त्यानंतर ते अख्खा प्रवास डोळे उघडे ठेवून, उभ्याने करतात.

मीही सुटले नाही. पाण्याची टाकी धुणार असल्याची नोटीस मी ऑफिसच्या संगणकावर मराठीत टाइप करून सगळ्यांना पाठवली. सकाळी दार उघडते तो काका उभे.

"वंदना, तुझी नोटीस पेटीत घालून वाचली. घरी सगळं बरं आहे ना?"

"का?"

"एस, डॉलर, उघडा कंस, कॅपिटल डब्ल्यू, डब्ल्यू, स्वल्पविराम. ताप वगैरे आलाय का तुला?"

आमच्या ऑफिसातला जुना फॉन्ट पडद्यावर मराठी दिसतो, पण आतून नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. पेटीला पडद्यावरचं दिसत नाही. ती आतलं वाचते. पुढची नोटीस मी हाताने लिहून तिचा फोटो पाठवला; फोटोतलं पेटीला वाचता येत नाही हे मला ठाऊक नव्हतं. त्यावर काकांनी पेटीवर टाइप करून छापलेलं उत्तर माझ्या दाराला चिकटवलं. 'सदर नोटिशीत काहीही नाही. कळावे.' हल्ली मी सरळ युनिकोडमध्ये, म्हणजे आतूनही मराठीच असलेल्या अक्षरांत, टाइप करते. एक काम कमी झालं.

पण खरा त्रास होता तो पेपरचा. काका रोज सकाळी बातम्यांच्या फाइली पेटीत उतरवून घेत आणि गॅलरीत बसून वाचत. भलतं बटण दाबलं की पेटी एका फाइलमधून थेट दुसऱ्या फाइलमध्ये उडी मारते. काका मात्र एका सुरात वाचत पुढे जात.

"महापालिकेच्या अधिकाऱ्यांनी काल परळ येथील खड्ड्यांची पाहणी केली आणि त्यात चवीपुरतं मीठ घालून मंद आचेवर…"

आतून पलंगावरून आवाज आला, "अहो, खड्ड्यात मीठ घालतात का? ओळ चुकलात!"

"हो का बाई? मला तसंच लागतंय बोटाला."

असं रोज. वाचता वाचता काका अक्षरंही घोकायचे, पाढ्यांसारखी, ठिपक्यांचे आकडे म्हणत. "क म्हणजे एक-तीन. ल म्हणजे एक-दोन-तीन. न म्हणजे एक-तीन-चार."

"तो म झाला," आतून. "न ला पुढे पाच आहे. ऐकून ऐकून मला पाठ झालं, तुम्हाला नाही. कितीदा सांगायचं?"

खालच्या मजल्यावरचे परब माझ्याकडे तक्रार घेऊन आले. "वहिनी, सामंतांना सांगा, एक तर नीट वाचा नायतर मनात वाचा. काल त्यांच्या पेपरात मेगाब्लॉक उंच, गोरा आणि निर्व्यसनी होता. मी कामावर जायचं का नाय?"

मी तक्रार लिहून घेतली आणि दोन-तीन दिवसांनी सामंतांकडे गेले. काकू तेव्हा ॲन्टॉप हिलला बहिणीकडे राहायला गेल्या होत्या, म्हणजे काकांशी स्पष्ट बोलायला बरं. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून कोणी अग्रलेख वाचत होतं. संथ, स्पष्ट, पूर्णविरामाला थांबून. मला रेडिओ वाटला.

काका होते. डोळे मिटलेले, डाव्या हाताचं बोट ओळीच्या शेवटी पोचायच्या आत उजवा अंगठा बटणावर, आणि पुढची ओळ आधीच्या ओळीला जोडून, कुठे सांधा न दाखवता. मी उभी राहिले. परिच्छेद संपला.

"कोण? वंदना ना? ये."

"काका, तुम्हाला येतं!"

"येणारच की. रोज बसतो."

"मग ते खड्डे? ते मीठ? तो मेगाब्लॉक?"

काकांनी डोळे उघडले. माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी फारच बावळट विचारलं होतं.

"बाई घरात नाहीत. चुकू कोणासाठी?"

काका पेटीवरची धूळ उगाचच पुसत राहिले.

"पहिल्यांदा खरंच चुकलो होतो," ते म्हणाले. "ते मीठ खरं होतं. आणि आतून आवाज आला. अगं, त्या आधी नुसतं हो, नको, भूक नाही, एवढंच चाललं होतं कितीतरी दिवस. त्या दिवशी मला असे ओरडल्या, असे ओरडल्या, की मी चहा दोनदा केला. दुपारी बसून ठरवलं, उद्या कुठे चुकायचं."

"म्हणजे तुम्ही चुका तयार करता?"

"बरोबर वाचणं सोपं आहे गं. पचेल अशी चूक करणं कठीण. फार मूर्खपणाची केली की त्यांना संशय येतो. शिकायला त्या कधी बसायच्या नाहीत. पण चूक सुधारायची म्हटलं तर झोपेतून उठतील. आधी पलंगावरून ओरडायच्या. मग स्वयंपाकघराच्या दारातून. आता गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत येतात. परवा तर माझं बोट उचलून बाजूला केलं आणि स्वतःचं ठेवलं. लगेच काढलं म्हणा. पण ठेवलं."

"आणि नाहीच शिकल्या तर?"

काकांनी पेटी बाजूला ठेवली.

"आमच्याकडे पेपर त्या वाचायच्या. लग्न झाल्यापासून. मी दाढी करायचो नि ऐकायचो. स्वतः वाचायची मला कधी गरजच पडली नाही. आता वाचतो मी, सगळा वाचतो. पण माझ्या आवाजात बातमी खरीच वाटत नाही."

मी परबांना काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. तक्रार मात्र यादीतून काढून टाकली.

काकू परत आल्या आणि सकाळचं वाचन पुन्हा सुरू झालं. त्या आठवड्यात काकांनी एका पुढाऱ्याला फोडणी दिली, एका निवृत्त न्यायमूर्तींना शिटी होईपर्यंत शिजवलं. शुक्रवारी मी ऑफिसला निघत होते. काकांनी जलवाहिनीच्या दुरुस्तीला कांदा घातला मात्र, काकू तरातरा गॅलरीत आल्या.

"उठा. सरका तिकडे."

काका उठले. काकू खुर्चीत बसल्या, पेटी मांडीवर घेतली आणि ओळीवर बोट ठेवलं. चेहरा भिंतीकडे होता, पण लक्ष सगळं बोटात.

"दा… द… र." बोट मागे गेलं, पुन्हा आलं. "दादर. पू… पूर्व. भा… गा… त."

मजल्यावर कोणी नळसुद्धा सोडला नाही. परब दुधाची पिशवी घेऊन जिन्यात थांबले होते. ओळ संपायला इतका वेळ लागला की माझी ठरलेली बस गेली असणार. मी घड्याळ बघितलं नाही. काका भिंतीला टेकून हात पाठीमागे बांधून उभे होते, मदत करण्याची भीती वाटल्यासारखे.

"पुढची ओळ कशी आणायची?" काकूंनी विचारलं.

"कोणास ठाऊक बाई. मी दाबतो तर ती कुठेही उडी मारते."

काकूंनी उजव्या अंगठ्याने चाचपलं. एक बटण, दुसरं. ठिपके सळसळून बदलले.

"सा… य… सायंकाळी." त्या थांबल्या. "यात कांदा कुठे आहे? दादर पूर्व भागात सायंकाळी, असं सरळ लिहिलंय. तुम्ही इतके महिने त्या वर्गात करता तरी काय? सोमवारपासून मी येते तुमच्याबरोबर. आधी मला नीट यायला हवं, त्याशिवाय तुम्हाला काही येणार नाही."

"बरं," काका म्हणाले. एवढंच. मग मला जिन्यापर्यंत सोडायला आले. याआधी ते कधी आले नव्हते. वळणावर आम्ही दोघंही थांबलो.

"आता सांगून टाका ना काका," मी हळू आवाजात म्हटलं. "आता त्या शिकतीलच. तुम्हाला येतं हे कळलं तर आनंदच होईल त्यांना."

"छे, छे." काकांनी मागे वळून बघितलं. "त्यांची सगळी मुलं पास होऊन निघून गेली, वंदना. मी नापासच बरा."

वरून हाक आली, "अहो, मध्येच उठून कुठे गेलात? बसा इथे."

काका वयाला न शोभणाऱ्या घाईने पायऱ्या चढून गेले. मी चार पायऱ्या परत वर आले आणि कठड्यातून बघितलं. काकूंच्या शेजारी स्टूल ओढून ते बसले होते. काकूंनी त्यांचा हात ओढून पेटीवर ठेवला आणि म्हणाल्या, "हं, करा सुरुवात."

काकांनी ओळीवर बोट ठेवलं. उजव्या टोकाला, जिथे ओळ संपते.