राजाच्या बाजूचे गोपाळराव

"गोपाळराव जन्मभर राजाचे भाट होते. वादसभेत हरले आणि तोंड लपवून गाव सोडून गेले." गोपाळरावांच्या शोकसभेत वसंतरावांनी हे विधान केले आणि आमच्या छत्रीबाग वस्तीतील सुशिक्षित मंडळींनी माना डोलावल्या. त्या वादसभेत वसंतराव सतरंज्या अंथरत होते. मी गोपाळरावांच्या विरुद्ध बोलत होतो. साक्ष कोणाची ग्राह्य धरायची, हे वाचकांनी ठरवावे.

गोपाळराव शाळेत इतिहास शिकवीत. अमेरिकेतील वसाहतींचा धडा आला की इतर मास्तर वसाहतकऱ्यांची बाजू घेत. हे एकटे इंग्लंडच्या राजाची. "राजा दूर राहतो म्हणून तो राजा नाही काय?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. नवे राज्य होऊन राजधानी भोपाळला गेली, तेव्हा तिकडच्या सरकारला कर कशाला द्यायचा म्हणून आमची गल्ली कुरकुरत होती. गोपाळराव मात्र पहिल्याच दिवशी पगडी घालून कर भरायच्या रांगेत उभे. खिडकीतला कारकून म्हणाला, "मास्साब, शादी में जा रिये हो क्या?"

त्यांचे वडील आमच्या संस्थानच्या दरबारात चोपदार होते. दसऱ्याला सरदार तळहातांवर रुमाल पसरून, त्यावर रुपया ठेवून महाराजांपुढे नजर करीत. महाराज रुपयाला बोट लावीत आणि तो परत देत. "पैसा नको असतो हो," गोपाळराव सांगत. "माणूस समोर यावा लागतो."

त्यांचा एकुलता मुलगा श्रीधर भिलाईला नोकरीस लागला आणि दरमहा मनीऑर्डर पाठवू लागला. गोपाळराव नोटांना बोट लावीत आणि पोस्टमनला म्हणत, "पोहोचली. आता परत पाठवा." पोस्टमन काकुळतीला येई. "ले लो ना मास्साब, बेटा बुरा मानेगा."

बेट्याने वाईट मानलेच. संस्थान विलीन झाले तेव्हा श्रीधर रांगत होता. दरबारचा रिवाज त्याला कोठून ठाऊक असणार? बापाला आपली कमाई चालत नाही, एवढेच तो समजला. आधी मनीऑर्डर थांबली, मग पत्रे. तीन दसरे कोरडे गेले. तुम्हीच एक कार्ड टाका, असे मी सुचवले, तर गोपाळरावांनी माझ्याशी दोन महिने अबोला धरला.

त्या नवरात्रात आमच्या गल्लीच्या मंडळाने वादसभेचा विषय ठेवला: दूरस्थ राजाला वसाहतकऱ्यांनी कर द्यावा काय? गोपाळराव अर्थातच राजाच्या बाजूने उभे राहिले. सनदा झाल्या, फौजेचा खर्च झाला, आणि मग त्यांचा आवाज चढत गेला. "ज्याने हात धरून चालायला शिकवले, त्याला कर बंद, निरोप बंद. याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत. याला कृतघ्नता म्हणतात." ते इंग्लंडच्या जॉर्ज राजाविषयी बोलत नव्हते, हे वसंतराव सोडून सर्वांना कळले होते.

मी उठलो. घाव कोठे बसेल ते मला ठाऊक होते, आणि मी तो तेथेच घातला. मी म्हणालो, "ज्या राजाने समुद्र ओलांडून एकदाही प्रजेचे तोंड पाहिले नाही, त्याने कर कोणत्या तोंडाने मागावा?"

गोपाळरावांनी टेबलाची कड धरली. उत्तरासाठी त्यांची पाच मिनिटे शिल्लक होती. "मुद्दा मान्य आहे," ते म्हणाले आणि पगडी उचलून बाहेर पडले.

वसंतरावांची माहिती येथे संपते. मी जिंकलो, हे खरे; गोपाळराव पळाले, हे धादांत खोटे. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनावर त्यांची ट्रंक डब्यात मी चढवली. तिकीट भिलाईचे होते. माझी जीभ तेव्हाही आवरली नाही, मी विचारले, "काय, वसुलीला निघालात?"

त्यांनी कोटाच्या खिशातून इस्त्रीचा पांढरा रुमाल काढून तळहातांवर पसरला. त्यावर दरबारच्या काळातला, चांदीचा एक रुपया होता.

"नजर करायला," ते म्हणाले.