देशकरांचा सोमवारचा राजीनामा

देशकर दर सोमवारी नोकरीचा राजीनामा देत. सकाळी अकराला सुवाच्य अक्षरात अर्ज लिहून मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवत आणि पाच वाजता स्वतःच परत घेऊन घरी जात. साहेब इतके सरावले होते की त्या कागदावर खुशाल चहाचा कप ठेवत.

आमच्या नागपूरच्या ऑफिसात माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. त्यांचं वय पन्नाशीला टेकलेलं, लग्न राहून गेलेलं. कशाचंही कौतुक केलं की थकल्या आवाजात म्हणत, "दम नाही गा कशातच." मला मुलगी झाली तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाले, "साखर जास्त हाय. अन् पोरीले आता शाळेत जा लागन. बिचारी!"

एका मे महिन्यात नवे साहेब आले. त्यांनी सोमवारचा अर्ज वाचला आणि सरळ मंजूर केला. देशकर त्या सहीकडे बघत राहिले. "बरोबर केलं साहेबानं," एवढं म्हणून भर उन्हात निघून गेले.

आम्ही साहेबांना सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "उद्या येऊन मागे घ्या म्हणावं."

निरोप द्यायला मी महाल भागातल्या त्यांच्या खोलीवर गेलो. दाराला कुलूप होतं, पण शेजारच्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता. डोकावलो. बाजेवर एक आंधळे म्हातारे घाम पुसत बसले होते आणि देशकर समोरच्या बाकावरून त्यांना पेपर वाचून दाखवत होते.

"सावनेरकडे मस्त पाऊस पडून राहिला, बाबा. विहिरी भरल्या."

तो पेपर मी सकाळीच वाचला होता. त्यात उष्माघात आणि पाणीटंचाई, एवढंच होतं.

"मंग इकडे काहून नाही येत?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"येऊन राहिला ना. रस्त्यात हाय."

मला हसू आलं. देशकरांनी वर पाहिलं आणि चोरी पकडली गेल्यासारखा पेपर मिटला.

"कोण आलं गा?" म्हातारे म्हणाले.

देशकर हळूच म्हणाले, "दोस्त हाय माझा."

मी निरोप सांगितला. त्यांनी नुसती मान डोलावली आणि बाकावर सरकून मला जागा केली.

"बस गा. बातमी अर्धी राहिली."