इतिहासाला अंधार लागतो

इतिहास नीट दिसायचा असेल तर आजूबाजूला अंधार लागतो. हे मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. प्रोजेक्टर चालवायला व्हिडिओ बघून शिकलो, त्यात पहिली सूचनाच ही होती.

आमच्या नेहरू नगरातल्या शाळेने यंदा संगीत नाटक बसवलं. विषय: आपली मंडळी छप्पन साली नागपूरहून भोपाळला कशी आली. (राजधानी हलली, म्हणून बदली होऊन आली. पण त्याचंही दोन तासांचं नाटक होतं.) मुलांचं गाणं खुलावं म्हणून मागे पडद्यावर जुने फोटो टाकायचं ठरलं. थोर कल्पना. लगेच समिती झाली. अध्यक्ष अच्युतकाका, रिटायर्ड सेक्शन ऑफिसर.

समितीने आधी ऐतिहासिक फोटोची व्याख्या केली. फोटो काळा-पांढरा हवा आणि आपला माणूस खुर्चीवर हवा. मागे उभा असेल तर तो इतिहास नाही, नुसती हजेरी. पुढे सतरंजीवर बसलेले शिपाई कापावेत (जागा खातात). चौसष्ट फोटो आले. एकसष्ट ऑफिसच्या निरोप समारंभांचे. उरलेले तीन कुणाचे ते कळलं नाही, पण खुर्च्या होत्या. अच्युतकाकांचे वडील डावीकडून तिसऱ्या खुर्चीत.

चौसष्ट फोटो, प्रत्येकी चार सेकंद. सातवीतल्या जुईचं एकटीचं गाणं बरोबर तेवढंच, म्हणून सगळे तिथेच लावले. जुईचे वडील गेल्या वर्षीच भोपाळच्या कारखान्यात बदलून आलेत, इथल्याच अयोध्या नगरात राहतात. म्हणजे इतिहास शून्य. पोरीने तीन महिने तालीम केली. आईने लग्नातला शालू कापून परकर-पोलकं शिवलं.

रंगीत तालमीला कळलं, स्टेजवर लाइट लावला की फोटो फिके पडतात.

"मुलीवरचा लाइट काढा," अच्युतकाका म्हणाले.

"मग ती दिसणार कशी, काका?" नलिनी टीचरनी विचारलं.

"गाणं ऐकायचं असतं, बाई. बाबांची खुर्ची बघायची असते."

जुई माझ्याकडे आली. "भैया, एका कडव्यापुरता तरी लाइट द्याल ना?"

"समितीला विचारतो," म्हटलं. विचारलं नाही. (प्रोजेक्टरवाल्याला मत नसतं, रिमोट असतो.)

कार्यक्रमात चारही कडवी अंधारात झाली. एक सूर हलला नाही. प्रत्येक फोटोला त्या त्या घराने टाळ्या वाजवल्या, तिसऱ्या खुर्चीला सगळ्यात जास्त. जुईची आई मोबाइल धरून उभी राहिली, तर मागून आवाज आला, "दीदी, बैठ जाइए, दादाजी नहीं दिख रहे." बसली. तिच्या व्हिडिओत खाली काळोख आहे, वर खुर्च्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्रुपवर अभिप्राय आले. फोटो अगदी जिवंत. पार्श्वसंगीतही ठीक होतं.

वाचून तुम्हाला समितीचा राग आला असेल. येऊ द्या. अच्युतकाकांचे वडील कितव्या खुर्चीत होते, ते तुमच्या पक्कं लक्षात आहे. जुई गात काय होती, ते मी अजून सांगितलेलं नाही. आणि तुम्हीही विचारलं नाहीत.