आईच्या उपस्थितीत आईला मोकळा वेळ देण्याची पद्धत

दमलेल्या माणसाला मदत करायची तर तो नेमका किती दमला आहे हे आधी मोजलं पाहिजे, याबद्दल जगातल्या कुठल्याही समितीत दुमत नाही. गावातली बालक व कुटुंब आधार समिती तर याबाबत फारच काटेकोर. तिच्याकडे त्रेचाळीस प्रशिक्षित स्वयंसेवक होते, त्यांची त्रेचाळीस पिवळी जाकिटं होती आणि आधार द्यायला एक कुटुंब होतं. (आणखी एक होतं, पण ते जाकिटांची संख्या पाहून घर बदलून गेलं.)

या उरलेल्या कुटुंबात चौदा महिन्यांची जुळी मुलं आणि त्यांची आई. नवरा लांब धरणाच्या कामावर. दोन महिन्यांतून एकदा येणार, दोन दिवस झोपणार आणि परत जाणार. बाईची मागणी एका ओळीत मावणारी होती: येत्या गुरुवारी दहा ते एक कुणीतरी पोरांना सांभाळा. त्या दिवशी दवाखान्यातल्या प्रयोगशाळेच्या नोकरीची परीक्षा होती. ती दोन वर्षांतून एकदाच व्हायची, आणि पुढच्या वेळेपर्यंत बाईचं वय उलटून जाणार होतं. अभ्यास तिने एक पोर कडेवर आणि एक पायाशी ठेवून उभ्याउभ्या केला होता.

समितीने ही मागणी फारच मनावर घेतली. पहिल्या आठवड्यात सहा जण घरी येऊन तिचं म्हणणं ऐकून गेले. दुसऱ्या आठवड्यात दुसरे सहा आले, कारण पहिल्या सहांचं प्रशिक्षण ऐकण्याचं होतं, लिहून घेण्याचं नव्हतं. मग एक निवृत्त भूमापक येऊन खोलीची लांबी-रुंदी घेऊन गेले. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण टेप त्यांच्याकडे होती. दर खेपेला चहा झाला. कप विसळताना बाईच्या लक्षात आलं की मदत सुरू झाल्यापासून आपली दुपारची वीस मिनिटांची झोपही गेली. (अहवालानुसार या काळात तिचा एकटेपणा एकोणनव्वद टक्क्यांनी घटला. उरलेले अकरा टक्के ती न्हाणीघरात असतानाचे.)

बुधवारी अध्यक्षीणबाई जातीने आल्या. त्या मनाच्या खरंच चांगल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

“सगळी तयारी झालीय बरं का,” त्या म्हणाल्या. “उद्या आमचे आठ जण येतील. तू अगदी निर्धास्त राहा.”

बाईचा जीव भांड्यात पडला. “मग मी साडेनऊला निघते, ताई.”

“निघतेस? कुठे?”

“परीक्षेला! त्यासाठीच तर तुम्हाला सांगितलंय ना?”

“असं कसं चालेल? आई समोर नसेल तर मुलांना हात लावायचा नाही, नियमच आहे आपला. त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असतो.”

“मी समोरच असणार, तर मग तुम्ही कशाला?”

“तुला मोकळा वेळ मिळावा म्हणून!”

बाईला रडू आलं आणि ती सरळ रडली. अध्यक्षीणबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेवढं नियमात बसत होतं (प्रकरण चौथे, ‘पाठ’).

गुरुवारी आठ पिवळी जाकिटं दारात उभी राहिली. बाईने एक पोर पाठीशी बांधलं, दुसरं कडेवर घेतलं आणि तडक शाळेची वाट धरली, कारण परीक्षा तिथेच होती. आधार आईच्या उपस्थितीतच द्यायचा असल्यामुळे आठही जण तिच्या मागोमाग निघाले. रस्त्यावरचे लोक घाईघाईने बाजूला झाले. कुठेतरी गॅस गळतोय, असा त्यांचा समज झाला.

परीक्षेच्या खोलीच्या दाराशी शाळेतल्या शिपाईमावशी बसल्या होत्या. कुणाशी गोड बोलल्याची त्यांची ख्याती नव्हती. त्यांनी पोरांकडे पाहिलं, जाकिटांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं.

“पोरं आत न्यायची नाहीत,” मावशी म्हणाल्या. “आण इकडे. आणि पळ, पेपर वाटतायत.”

बाई पळाली. मावशींचं प्रशिक्षण झालेलं नव्हतं. जाकीट नव्हतं. मुलांना खेळायला त्यांनी किल्ल्यांचा जुडगा दिला, जो मान्यताप्राप्त खेळण्यांच्या यादीत नाही. तीन तासांत एक पोर त्यांच्या खांद्यावर झोपलं, दुसरं त्यांच्या चपलेशी बोलत बसलं. आठही स्वयंसेवक समोर ओळीने उभे राहून हा सगळा नियमभंग टिपत होते. (नियमभंग: सतरा. नोंदलेली सेवा: आठ गुणिले तीन, म्हणजे चोवीस तास. समितीच्या इतिहासातला हा उच्चांक आहे.)

बाई पास झाली आणि नोकरीला लागली. पोरं आता दिवसभर मावशींच्या सुनेकडे असतात आणि बाळसं धरतायत. समितीला आनंद झाला, पण तिची फार कुचंबणाही झाली. बाई आता ‘गरजू’च्या व्याख्येत बसत नाही, आणि त्रेचाळीस माणसं जाकिटं घालून नुसती बसून आहेत.

सबब समितीला तातडीने नवीन कुटुंब हवं आहे. वाचकांपैकी कुणीही अर्ज करावा. अर्जात प्रश्न एकच: तुमच्या घरात सर्वांत दमलेली व्यक्ती कोण? इथे स्वतःचं नाव घालू नये. इथवर निवांत बसून वाचता आलं, तेव्हा ती व्यक्ती तुम्ही नव्हे. इतका वेळ पोरं, दूध आणि दारावरची घंटा कोण सांभाळत होतं, ते आत जाऊन पाहावं आणि तिचं पूर्ण नाव लिहावं. ‘अगं’ हे नाव ग्राह्य धरलं जाणार नाही.