सव्वादोन इंचांची बाही

मागच्या खोलीत, खिडकीवरच्या फळीआड वटवाघूळ लटकलेलं दिसताच शिंप्याच्या बायकोने झाडू उचलला. खाली शाळेचे चाळीस शर्ट शिवून ठेवले होते आणि पाहुण्याने त्यांवर आपली हजेरी लावली होती.

"थांब, दुर्मीळ निघालं तर?" शिंपी म्हणाला.

"आणि साधं निघालं तर?"

"तर चाळीसही शर्ट मी धुईन."

हे तो बिनघोर बोलला, कारण धुवायची वेळ येईल असं त्याला वाटतच नव्हतं. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात लिहिलं होतं की वटवाघूळ ओळखताना कोपरापासून मनगटापर्यंतचं माप बघतात. शिंप्याची छाती फुगली. म्हणजे बाहीच की! तीस वर्षं शाळेच्या पोरांच्या बाह्या मापण्यात गेली होती. या कामात त्याला कोण हरवणार?

भरदुपारी तो स्टुलावर चढला, टेप धरली आणि सवयीने म्हणाला, "हात सैल सोडा." (वटवाघळाने एक डोळा उघडला आणि मिटला.) कानावरची पेन्सिल काढून त्याने चिठ्ठीवर लिहिलं: सव्वादोन इंच. घरात शिरणारं दोन इंचांच्या पुढचं वटवाघूळ या भागात क्वचितच दिसतं, असं पुस्तक म्हणत होतं.

मग काय विचारता! संध्याकाळपर्यंत दुकानावर पाटी लागली: 'आत दुर्मीळ वटवाघूळ आहे. शांतता राखावी.' गिऱ्हाइकं कपडे द्यायला येत आणि वटवाघूळ बघून जात. तिसऱ्या दिवशी शिंप्याने कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाईंनाही बोलावलं.

बाईंनी वर बघितलं, चिठ्ठी बघितली, पुन्हा वर बघितलं. हे घराघरांतून राहणारं साधंच दिसतंय, असं त्या चाचरत म्हणाल्या. शिंप्याला ते लागलं. बाकी काहीही बोला, पण मापाला नावं ठेवायची नाहीत. तो ताडकन स्टुलावर चढला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने माप वाचलं, "सव्वा इंच." पेन्सिल मात्र ठामपणे लिहून गेली: सव्वादोन.

खोलीत शांतता पसरली. पाटीवर मागितली होती तशीच.

"अहो," बायको शांतपणे म्हणाली, "वाढत्या अंगाचं घेतलंत."

तीस वर्षांची सवय ती! पोरं वर्षभरात वाढतात म्हणून प्रत्येक बाहीत तो एक इंच जास्त धरत आला होता. त्याने आशेने बाईंकडे बघितलं. लहान असेल, वाढेलही कदाचित?

"पूर्ण वाढ झालीय त्याची," बाई म्हणाल्या. "आता इंचभरही वाढायचं नाही. पण राहू द्या त्याला, डास खातं."

बायकोने तीन दिवस हाताशी ठेवलेला झाडू कोपऱ्यात ठेवला आणि शर्टांचा गठ्ठा नवऱ्याच्या हातात दिला. शिंपी मुकाट्याने न्हाणीघराकडे वळला आणि स्वतःच्या शर्टाच्या बाह्या दुमडू लागला. बोटांवर आलेल्या बाहीला चार घड्या पडल्या, तेव्हा कुठे मनगट दिसलं.

"बाई," बायको म्हणाली, "यांनाही तेवढं समजावून सांगा. बावन्न पूर्ण झालीत."