उस्मानचाचांची लेखी परवानगी

आखाडा बाळापूरच्या चौकात नवा बॅनर लागला की लोक वाढदिवस कोणाचा ते बघतात. उस्मानचाचा चष्मा कपाळावर सरकवून, बॅनरला नाक लावून, फोटो कोणी काढला ते शोधतात. नाव सापडलं नाही की बॅनर बांधणाऱ्यालाच खाली बोलावतात. "काढणाऱ्याला विचारलं का?"

चाचांचा बसस्टँडजवळ फोटो स्टुडिओ आहे. चाळीस वर्षं त्यांनी गावाची लग्नं, बारशी आणि परीक्षेच्या फॉर्मवरचे घाबरलेले चेहरे टिपले. मोबाइल आल्यापासून गिऱ्हाईक आटलं, पण चाचांचा दरारा तसाच आहे. सकाळी कोणी उगवत्या सूर्याचं 'शुभ सकाळ' पाठवलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "सूर्य अल्लाचा, बराबर. फोटो कोणाचा?"

माझं कॉम्प्युटरचं दुकान त्यांच्या समोरच. आमच्या बचत गटाने हळद विकायला वेबसाइट काढायची ठरवली, तेव्हा ती मीच बनवली. पितळी वाटीतली सोनेरी हळद, हळदीचं हिरवंगार रान, हसणारी शेतकरीण, सगळं एका दुपारी नेटवरून उचललं. चाचा झेरॉक्सला आले आणि स्क्रीनसमोर थबकले.

"ही वाटी कोणाची?"

"गूगलवरची आहे, चाचा."

"गूगल काय गळ्यात कॅमेरा घालून फिरून राहिलं?"

"खाली 'सौजन्य गूगल' लिहिलंय की!"

"कोणाच्या रानातला हरभरा उपटायचा आन् बांधावर पाटी लावायची, 'सौजन्य बांध'. चालंल का?"

मी हसले आणि वेबसाइट चालू करून टाकली.

पंधरा दिवसांनी मेल आला. वाटीच्या फोटोचा मालक दूर दक्षिणेत राहणारा फोटोग्राफर निघाला. फोटो माझा आहे, तुम्ही परवानगी घेतलेली नाही, सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर वकील बोलेल. गटाच्या अध्यक्षा सुनीताताई धापा टाकत दुकानात आल्या. "कोर्टात जावं लागन का गं? बंद करून टाक माय ती साइट. आपली हळद आपण बाजारात बसून विकू."

"बंद काहून?" चाचा दारातूनच म्हणाले. "चूक वाटीची हाय, हळदीची न्हाई." मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "आधी फोटो काढून टाक. मग त्याला लिही. पोरानं केलं, ठाऊक नव्हतं, असले बहाणे न्हाई. चूक झाली, फोटो साइटवरून हटवला, माफी असावी. बस."

मी तसंच लिहिलं. दुसऱ्याच दिवशी त्या माणसाचं उत्तर आलं. सरळ बोलल्याबद्दल आभार, विषय संपला. सुनीताताईंनी चाचांना तिथल्या तिथे नमस्कार केला.

आता मात्र चाचांनी साइटचा ताबाच घेतला. एकेक फोटो उघडायचा, मूळ कुठला ते शोधायचं, परवानगीचा मजकूर तळापर्यंत वाचायचा. एका ठिकाणी 'मोफत' पाहून मी खूश झाले. त्यांनी बोट पुढच्या ओळीवर ठेवलं. तिथे 'व्यापारासाठी नाही' असं होतं. "अन् आपण काय धर्मादाय हळद वाटून राहिलो?" दुसरा एक फोटो विक्रीलाही चालणारा होता, फक्त काढणाऱ्याचं नाव द्यायची अट होती. ते नाव चाचांनी माझ्याकडून दोनदा तपासून घेतलं.

मग ते स्वतःच जुना कॅमेरा घेऊन सुनीताताईंच्या अंगणात गेले. हळद शिजत होती, वाफ उठत होती, बाया हसत होत्या. प्रत्येकीला विचारून त्यांनी फोटो काढले. दोघी नको म्हणाल्या, तर त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले. संध्याकाळी मला फोटोंसोबत एक सही केलेला कागद दिला आणि उभ्यानेच मोठ्याने वाचून दाखवला. "हे फोटो गटाने वेबसाइटवर आन् पाकिटावर वापरावेत. पेपरात द्यायचे तर पुन्हा विचारावं." विचारायचं कुठे, तर समोरच्याच दुकानात! पण साइट त्या फोटोंनी उजळली. गिऱ्हाईक फोन करून विचारतात, चुलीपाशी हसणारी ती बाई खरीच आहे का? सुनीताताई ऐटीत सांगतात, "व्हय, मीच ती."

मग एका दुपारी चाचा आले ते टोपी हातात घेऊन. "बेटी, एक मेल लिहायची हाय."

बऱ्याच वर्षांपूर्वी शहरातला एक फोटोग्राफर गावात फिरून गेला होता. त्याच्या वेबसाइटवर चाचांना खातूनचाची दिसल्या होत्या. चाचींना जाऊन तीन वर्षं झाली. त्या फोटोची एक प्रत घरात लावायची परवानगी चाचांना हवी होती.

"चाचा, ती तुमची बायको! आत्ता देते प्रिंट काढून."

"चेहरा माझ्या घरचा, बेटी. फोटो त्याचा."

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्या माणसाने मूळ मोठा फोटोच पाठवला होता, आणि तो तुमचाच समजा असं लिहिलं होतं. मी तो पूर्ण स्क्रीनवर उघडला. खातूनचाची दारात उभ्या होत्या, पदर ढळलेला, मान मागे टाकून खळखळून हसणाऱ्या.

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीनला नाक लावलं.

"असं हसताना मी तिला कवा पाह्यलंच न्हाई," ते म्हणाले. "मी कॅमेरा धरला की कायम एकच म्हणायचो. हलू नको."