इस्त्रीच्या दुकानातील वर्गास मान्यता देण्याबाबत

कोणत्याही चांगल्या कामाला दोन प्रकारची माणसे लागतात : ते करणारी आणि ते नीट चालले आहे ना हे पाहणारी. पहिल्या प्रकारची एकदोन असली तरी भागते. दुसऱ्या प्रकारची मात्र भरपूर लागतात, नाहीतर काम चालले आहे हे कुणाला कळणारच नाही, आणि मग ते चालून तरी काय उपयोग?

मी दुसऱ्या प्रकारात मोडतो. सरहद्दीपलीकडून जीव मुठीत धरून आलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी आमच्या शहरात जी समन्वय समिती आहे, तिचा मी अहवाल-अधिकारी. समितीत अकरा संस्था, चार उपसमित्या आणि एक वातानुकूलित सभागृह आहे. मागच्या वर्षी वरून आदेश आला की यापुढे मदतीची सूत्रे स्थानिक माणसांच्या हाती द्यावीत आणि इतरांनी मागे राहावे. आदेश इतका योग्य होता की समितीने तो एकमताने मंजूर केला आणि सूत्रे हाती देण्याजोगे स्थानिक माणूस हुडकायला एक शोध-पथक नेमले. पथकाला चार महिने लागले. (माणूस समितीच्या समोरच, रस्त्यापलीकडच्या इस्त्रीच्या दुकानात होते. पथकातल्या सर्वांचे शर्ट तिथेच जात.)

दुकान एका मावशींचे. नवरा गेल्यापासून बावीस वर्षे त्या हॉटेलांच्या चादरी आणि साहेबलोकांचे शर्ट इस्त्री करतात. दोन वर्षांपूर्वी पलीकडून आलेल्या काही बायका त्यांच्याकडे चादरींच्या घड्या घालायला लागल्या. बायकांबरोबर मुले आली, मुले टेबलाखाली बसू लागली आणि इस्त्रीची वायर त्यांच्या पायात येऊ लागली. तेव्हा मावशींनी मागची खोली रिकामी केली आणि घड्या घालणाऱ्या एकीला म्हणाल्या, "तू तिकडे मास्तरीण होतीस ना? मग बस यांना घेऊन. तुझ्या वाटच्या चादरी मी बघते." त्या बाईंनी आपल्या देशात एकोणीस वर्षे गणित शिकवले होते. अशा रीतीने कसलीही पाहणी, आराखडा किंवा उद्घाटन न होता वर्ग सुरू झाला. इतका निष्काळजीपणा आजकाल पाहायला मिळत नाही.

वर्गात मुले एक्केचाळीस. फळा म्हणून आतल्या दारालाच काळा रंग दिलेला. दार उघडले की सोडवायला घेतलेले उदाहरण भिंतीकडे तोंड करून उभे राहते, म्हणून तास चालू असताना मावशीसुद्धा आत जात नाहीत.

या मुलांत तेरा वर्षांची एक मुलगी आहे. तिला सगळे खोडरबर म्हणतात, कारण उत्तर बरोबर आले तरी अक्षर मनासारखे उतरले नाही की ती सगळे खोडून पुन्हा लिहिते. तिला सरकारी शाळेत आठवीला जायचे आहे. नियमाप्रमाणे आठवीत प्रवेश चौदा पूर्ण व्हायच्या आत मिळतो, आणि तिला जूनच्या शेवटी चौदा पूर्ण होतात. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. प्रवेशासाठी मान्यताप्राप्त वर्गातल्या पंचाहत्तर टक्के हजेरीचा दाखला लागतो.

म्हणून शाळेचे वर्ष सुरू होतानाच मावशी रस्ता ओलांडून आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "साहेब, वर्ग आहे, पोरगी आहे, हजेरीची वही आहे. तेवढा मान्यतेचा शिक्का मारून द्या." एवढ्याशा मागणीतून किती काम निघू शकते याची त्यांना कल्पना नव्हती.

मान्यतेसाठी एकोणीस निकष आहेत. मावशींनी ते एकेक करून पुरे केले, हे मान्य केलेच पाहिजे. ध्येयवाक्य लिहिले. तक्रारपेटी लावली. (आजवर आलेल्या तक्रारी : एक. 'निळ्या शर्टाचे बटण तुटले.') संस्थेची रचना दाखवणारा तक्ता काढला, त्यात वरच्या चौकटीत मावशी, मधल्या चौकटीत मावशी आणि खालच्या चौकटीत गणिताच्या बाई होत्या. पण बाईंकडे काम करण्याचा परवाना नसल्याने त्यांना शिक्षक म्हणून दाखवता येईना. मी तोड काढली आणि त्यांना लाभार्थी मुलांत धरले. त्यामुळे मुले बेचाळीस झाली आणि शिक्षक शून्य. पुढच्याच बैठकीत समितीने शिक्षकांच्या तुटवड्याबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली.

एकोणिसावा निकष होता क्षमतावृद्धीचा. स्थानिक माणूस जे काम दोन वर्षे करत आहे ते करण्यास तो सक्षम व्हावा, असा त्यामागचा उदात्त हेतू. त्यासाठी मावशींनी आणि बाईंनी पुढील प्रशिक्षणे घेतली :

'स्थानिक नेतृत्व म्हणजे काय?' : नऊ दिवस (प्रशिक्षक परदेशातून यायचे होते; उशिरा आले).
'मुलांची गळती कशी रोखावी?' : चौदा दिवस.
'सभेत आपले म्हणणे कसे मांडावे?' : अकरा दिवस (यात मावशींना बोलायला वेळ उरला नाही).
'वेळेचे नियोजन' : ठरले दीड दिवस, झाले सहा.
'आतापर्यंतच्या प्रशिक्षणांतून आपण काय शिकलो?' : बारा दिवस.

एकूण बावन्न. हे बावन्न दिवस वर्गाला अर्थातच कुलूप असे. शेवटच्या प्रशिक्षणात अभिप्राय विचारला तेव्हा मावशी मला म्हणाल्या, "अहो साहेब, शाळा चालवायची परवानगी मिळवायला मी शाळेला कुलूप घालून येते. डोकं कुणाचं फिरलंय, माझं का तुमचं?" मी तो अभिप्राय 'मोकळा व सकारात्मक' या गटात घातला.

खोडरबर मात्र ते बावन्न दिवसही यायची. बंद दुकानाच्या पायरीवर बसून वहीत काहीतरी लिहायची, खोडायची, वर्ग सुटायच्या वेळेला उठून जायची. सभागृहाच्या खिडकीतून ती मला स्पष्ट दिसे. पुढे पुढे उन्हाचा त्रास होतो म्हणून मी पडदा ओढून घेऊ लागलो. मला तिच्याबद्दल फार वाईट वाटे. (हे वैयक्तिक मत असून समिती त्याच्याशी सहमत असेलच असे नाही.)

मार्चमध्ये मान्यता मिळाली. समारंभ झाला, छायाचित्र निघाले, मावशींना चौकटीतले प्रमाणपत्र दिले. फोटो काढून होताच मावशींनी पिशवीतून हजेरीची वही काढली आणि खोडरबरचा दाखला मागितला. आम्ही लगेच प्रपत्र भरायला बसलो. वर्षाचे दिवस एकशे ऐंशी. वर्ग भरला एकशे अठ्ठावीस दिवस. प्रपत्रात 'हजर' आणि 'गैरहजर' असे दोनच रकाने आहेत. 'वर्ग बंद' असा रकाना नाही, कारण स्थानिक नेतृत्वाखालचा आदर्श वर्ग बंद राहतच नसतो. उरलेले बावन्न दिवस मुलगी गैरहजर. हजेरी एकाहत्तर टक्के.

"एकाहत्तर पूर्णांक एक दशांश," गणिताच्या बाईंनी हलक्या आवाजात माझी चूक दुरुस्त केली. त्या दिवशी त्या तेवढेच बोलल्या.

मावशी म्हणाल्या, "पण ती रोज येत होती की. पायरीवर बसायची. या साहेबांना विचारा, खिडकीतून बघायचे ते."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खुलासा केला की पायरी वर्गाच्या मान्यताप्राप्त क्षेत्रात येत नाही. हे शंभर टक्के खरे आहे. नकाशा मीच काढला होता.

एवढ्यावर सगळे संपायचे, पण सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका जुन्या वळणाच्या निघाल्या. त्यांनी नियमांचे पुस्तक चाळून एक कलम शोधले : दाखला नसल्यास, शाळेत ज्याचे मूल शिकत आहे अशा कोणत्याही एका पालकाने 'या मुलीस मी पाहिले आहे, तिला शिकायचे आहे' असे लिहून सही दिली तरी प्रवेश देता येतो. पैसा नाही, जबाबदारी नाही, फक्त सही. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत. सोमवारी सकाळी त्यांनी हे पालकांच्या ग्रुपवर टाकले.

ग्रुपवर दोनशे बारा पालक आहेत. दुपारपर्यंत दोनशे नऊ जणांनी संदेश वाचला. प्रतिसाद भरघोस होता : जोडलेले हात त्रेसष्ट, 'स्तुत्य उपक्रम' सतरा, डोळ्यांत पाणी आलेले चेहरे आठ. एकाने 'गैरसमज नसावा, पण आपल्याच मुलांना बाके पुरत नाहीत' असे लिहिले. (त्याखालचे अंगठे मी मोजले नाहीत.) एका आजोबांनी गुलाबाचे फूल पाठवले. सही एकही आली नाही.

माझा मुलगा त्याच शाळेत सहावीला आहे. बायको मला म्हणाली, "अहो, तुम्ही तर त्या पोरीला वर्षभर बघताय. देऊन टाका ना सही." मी तिला समजावले की मी समितीत असल्यामुळे माझी सही पक्षपाताची ठरेल. मग ती का देत नाही, असे मी विचारले. ती म्हणाली, "मी कुठं तिला पाहिलंय? आणि एवढे लोक आहेत, कुणीतरी देईलच." यावर आमच्या घरात एकमत झाले. बाकीच्या घरांतही झाले असावे.

काल, म्हणजे गुरुवारी, शाळा सुटायच्या वेळी खोडरबर स्वतःच फाटकाशी येऊन उभी राहिली. हातात अर्ज, अर्जाखाली पुठ्ठा, टोपण काढून ठेवलेले पेन. "काका, एक सही द्याल? काकू, एक सही द्याल?" भाषा आपलीच, उच्चार किंचित वेगळा. इतरांचे जाऊ द्या, पण वाचकहो, तिने आपल्यालाही विचारले. आपण तिच्याशी फार मायेने बोललात. कितवीत जाणार म्हणून चौकशी केलीत, अक्षराचे कौतुक केलेत आणि "आज जरा घाईत आहे गं, उद्या नक्की" असे म्हणून मुलाचे दप्तर उचलून निघालात. तिला ते खरे वाटले. दुसऱ्याच्या देशात आल्यावर 'उद्या नक्की'चा अर्थ कळायला थोडी वर्षे जावी लागतात.

आज शुक्रवार. ती दोन वाजल्यापासून फाटकाशी उभी आहे आणि येणाऱ्या प्रत्येकात आपल्याला शोधते आहे. आता पावणेपाच झाले आहेत आणि आपण ही कथा वाचत बसला आहात. मी त्याची नोंद 'जनजागृती : उद्दिष्ट साध्य' या रकान्यात केली आहे.